मृगाआधी गच्चीवर

मे महिन्यात सकाळी साडेसहाला सोसायटीच्या गच्चीवर गेलात, तर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक चालायला आलेली आणि दुसरी जुनी साडी अंथरून कुरडया घालणारी. गच्चीच्या तपासणीला गेलो की मी आधी या दुसऱ्या मंडळींशी बोलतो. "काकू, वाळवण नेहमी याच बाजूला का घालता?" असं विचारलं की उत्तर येतं, "अहो, त्या टाकीपाशी पाणी वाहिलं की दुपारपर्यंत ओलं राहतं. तिथं कोण घालणार?" पिशवीतून पाणसळ आणि दोरी काढायच्या आधीच उताराचा अर्धा हिशेब हाती लागलेला असतो.

आपण सपाट छप्पर म्हणतो खरं, पण खरोखर सपाट असलेली गच्ची ही बिघडलेली गच्ची. शंभराला एक हा किमान उतार. दहा मीटर लांबीत दहा सेंटीमीटर. चालताना तो पायाला जाणवत नाही. बादलीभर पाणी ओतलं की कळतो. ते पाणी वाटेत न रेंगाळता पाइपाच्या तोंडाशी पोचायला हवं. पावसाळा संपल्यावर गच्चीवर गोल काळपट डाग दिसतात, कडेला शेवाळाची किनार असते. ती जागा म्हणजे बशी. तिथं चार महिने पाणी बसून होतं.

किती पाणी, याचा अंदाज सहसा कोणी केलेला नसतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे तीनशे चौरस मीटरच्या मध्यम गच्चीवर सहा लाख लिटरहून जास्त पाणी, तेही बहुतेक सगळं जून ते सप्टेंबरमध्ये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस या गच्चीवर पडला असता तर एका दिवसात दोन लाख त्र्याऐंशी हजार लिटर झाला असता. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. ताशी शंभर मिलिमीटरच्या सरीचा विचार केला, तर शंभर मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण चाळीस चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो. या हिशेबानं तीनशे चौरस मीटरला सात-आठ पाइप हवेत. प्रत्यक्षात मला तीन-चार सापडतात. त्यातल्या एकाच्या तोंडाला जाळी नसते, आणि जाळी नसलेल्या पाइपात हटकून टेनिसचा चेंडू असतो.

हे पाणी स्लॅब अडवतो, अशी समजूत असते. नीट कुटलेलं, नीट पाणी मारलेलं काँक्रीट बऱ्यापैकी पाणी धरतं, पण स्लॅबला भेगा पडतात आणि त्या टाळता येत नाहीत. काँक्रीट तापलं की फुगतं: दर अंशाला मीटरमागे सुमारे एक शतांश मिलिमीटर. वीस मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर त्याची लांबी सहा मिलिमीटरनं बदलते. खालची वीटभिंत मात्र सावलीत असते, ती तेवढी हलत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर छताच्या खालोखाल भिंतीत आडवी, सरळ चीर दिसते. रंगारी दर दिवाळीला ती लांबी भरून बुजवतो, आणि पुढच्या मे महिन्यात ती त्याच रेषेत पुन्हा उमटते.

या भेगांवरचं आपल्याकडचं रूढ उत्तर म्हणजे ब्रिकबॅट कोबा. स्लॅब घासून धुवायचा, सिमेंटचं पातळ पाणी भेगांत जिरवायचं, त्यावर वॉटरप्रूफिंगची पावडर किंवा द्रव घातलेला माल पसरायचा आणि विटांचे तुकडे कडेवर उभे बसवायचे, मधे बोट जाईल एवढी फट ठेवून. ती फट मालानं भरायची. उतार द्यायचा तो इथेच. मग काही दिवस पाणी साठवून ठेवायचं, आणि शेवटी वरचा गुळगुळीत थर, त्यावर दोरीनं मारलेले फूटभराचे चौकोन. ते चौकोन शोभेचे नाहीत. वरचा थर आकसताना वाटेल तिथे तडकू नये, रेघेवरच तडकावा, म्हणून ते असतात. कठड्याला लागून वाटा मारतात, म्हणजे काटकोनाची जागा गोलाई देऊन भरतात आणि थर भिंतीवर फूटभर चढवतात. माझ्या अनुभवात गळणाऱ्या गच्च्यांपैकी बऱ्याच मधोमध फुटलेल्या नसतात. वाटा भिंतीपासून सुटलेला असतो. नखाएवढी फट, पण गच्चीच्या चारही बाजूंनी.

चांगला कोबा काही दशकं टिकतो. वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक असेल तर आणखी बरं, कारण पांढरा रंग ऊन परतवतो आणि स्लॅब कमी तापतो. जुन्या मुंबईत हे काम हातानं बसवलेलं दिसतं, मधेच एखाद्या फुटक्या बशीवरचं निळं फूल.

आता तपासणी. ती गच्चीवरून सुरू होत नाही, वरच्या मजल्यावरच्या घरातून सुरू होते. ठाण्यातल्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी मला थेट वर न्यायला लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. म्हणाले, "साहेब, तीन वर्षांत दोनदा केमिकल मारलं. दोघांचीही दहा-दहा वर्षांची गॅरंटी आहे, स्टँप पेपरवर." मी पाचव्या मजल्यावर उतरलो. ज्यांच्या बेडरूममध्ये गळत होतं ते आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कॅलेंडर आणून दाखवलं. ज्या दिवशी छत ओलं, त्या तारखेला लाल फुली. जुलैत फुल्या होत्या, ऑगस्टमध्ये होत्या. मी मार्चचं पान काढायला सांगितलं. मार्चमध्येही फुल्या होत्या, एप्रिलमध्येही.

"आजोबा, हे कोणाला दाखवलंत?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे सरळ वर जातात."

मार्चमध्ये पाऊस नसतो. त्या खोलीच्या बरोबर वर पाण्याची टाकी होती आणि टाकी धुण्याचा पाइप जिथे तिच्या तळातून बाहेर येत होता, तिथला सांधा झिरपत होता. ते पाणी टाकीखालच्या कोब्यात शिरून छतात उतरत होतं. दोनदा मारलेल्या केमिकलचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. प्लंबरचं एका दिवसाचं काम निघालं.

ओल केव्हा येते, हा पहिला प्रश्न. सर आल्यावर तासाभरात आली तर वाट सरळ आहे: पाइपाचं तोंड, उघडी भेग, सुटलेला वाटा. दोन दिवसांनी आली आणि पाऊस थांबल्यावरही आठवडाभर राहिली, तर पाणी कोब्याच्या पोटात साठलंय. पावसाशी ताळमेळच नसेल, तर पाण्याची टाकी, एसीचं पाणी किंवा शेजारच्या बाथरूमची लाइन तपासायची.

दुसरा प्रश्न, डाग दिसतो कसा. पांढरा लोणा फुटला असेल तर पाणी सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर आलंय आणि वाळलंय. हे बराच काळ चाललंय. तपकिरी, सरळ रेघ दिसली आणि तिला समांतर सहा-सात इंचांवर दुसरी रेघ असेल, तर मी आवाज उतरवून बोलतो. ते सळयांचं जाळं आहे. सळई गंजली की तिची जागा घेणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि खालचा दीड-दोन सेंटीमीटरचा काँक्रीटचा थर ढकलून देतो. तोच मग जेवणाच्या टेबलावर पोपडा होऊन पडतो. छोट्या हातोडीनं टिचक्या मारत गेलं की खणखणीत आवाज अचानक बद्द होतो. तिथे खडूनं गोल करायचा. खोली पूर्ण फिरून झाली की खडूचे गोल एका ओळीत उभे राहतात, आणि तेव्हा घरमालकाला कळतं की रंगाऱ्याला बोलावून भागणार नाही.

एक इशारा इथेच. स्लॅबमध्ये विजेच्या वायरींच्या नळ्या पुरलेल्या असतात, आणि पाण्याला त्याहून सोपी वाट नाही. गच्चीच्या एका टोकाला शिरलेलं पाणी वीस फुटांवर पंख्याच्या कपातून ठिबकताना मी पाहिलंय. पंख्यातून पाणी आलं तर बादली लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडा.

यानंतर वर जायचं. गच्चीवर यंत्रं कमी लागतात. दोरी, पाणसळ, हातोडी, टॉर्च, एक बादली, आणि गुडघ्यावर बसायची तयारी. इन्फ्रारेड कॅमेरा हल्ली पुष्कळ लोक आणतात. तो उपयोगी आहे, पण वेळ साधावी लागते. दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर निवत जाते तेव्हा ओला कोबा कोरड्यापेक्षा सावकाश निवतो, आणि तो फरक पडद्यावर दिसतो. भर दुपारी किंवा ढगाळ जुलैत रंगीत फोटो काढून अहवालाला जोडणाऱ्यांना मी मनातल्या मनात शून्य गुण देतो.

खरी परीक्षा तुंबवण्याची. पाइपांची तोंडं गोणपाट आणि मातीनं बंद करायची, संशयाच्या भागाला वीट-मातीचा बांध घालायचा आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाच सेंटीमीटर पाणी ठेवायचं. भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ. शेजारी तेवढंच पाणी भरलेलं एक घमेलं, त्यालाही आतून रेघ. मे महिन्यात पाणी नुसतं उन्हानं आणि वाऱ्यानंही काही मिलिमीटर उतरतं. घमेल्यातलं जेवढं उतरलं तेवढं उन्हाचं, बाकीचं गच्चीनं प्यायलेलं. हे घमेलं न ठेवता "पाणी उतरलं, म्हणजे गळती आहे" म्हणणारा ठेकेदार भेटला, तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. पाण्यात थोडा रंग घातला की खालच्या छतावरचा डाग कुठल्या वाफ्यातला हेही कळतं. एक अट मात्र पाळा. पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो, अख्ख्या तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर पंधरा टन. सळया उघड्या पडलेल्या जुन्या इमारतीत ही परीक्षा इंजिनीअरला विचारल्याशिवाय करायची नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर थोडा वेळ तिथेच थांबू.

सपाट छप्पर आपल्याकडे सिमेंटबरोबर आलं, असं नाही. खानदेश-विदर्भातलं धाबं, सोलापूर-मराठवाड्यातलं माळवद ही सपाट छपरंच. लाकडाच्या तुळयांवर किलच्या, वर पाला आणि जाड मातीचा थर, पाणी जायला पन्हाळ. त्याची देखभालही ठरलेली असे. मृगाच्या आधी वर चढायचं, गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळ मोकळी करायची आणि भरीला नवी माती टाकायची. वेळापत्रक उत्तम होतं. नवी माती टाकायची ती जुनी न काढता, ही त्यातली खोट. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांच्यावरची ही जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली.

आता आपल्या कोब्याकडे बघा. सरासरी अकरा-बारा सेंटीमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोंच्या वर भरतो. लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी इंजिनीअर माणसं-सामान मिळून चौरस मीटरला दीडशे किलो धरतात. भारतीय मानकात तोच आकडा आहे. पहिला कोबा डिझाइनमध्ये वेगळा धरलेला असतो. गळती लागली, जुना कोबा फोडायला मजुरी फार, राडारोडा टाकायला परवानगी आणि गाडी लागते, म्हणून ठेकेदार म्हणतो, "त्याच्यावरच नवीन करून टाकू." ते मान्य केलंत, तर माणसांसाठी राखलेली सगळी ताकद त्या एका सहीत संपली, आणि वर पन्नास किलोंची उधारी झाली. मी तीन थर असलेली गच्ची पाहिली आहे. दोन थरांच्या मधे वर्षानुवर्षांचं पाणी होतं, कारण वरचा थर बसवताना खालचं ओलं आत कोंडलं गेलं होतं. फोडल्यावर पावसाशिवाय पाणी वाहिलं. त्याच गच्चीवर सोसायटीनं शोभेसाठी मातीच्या कुंड्यांची बाग आणि एक हजार लिटरच्या दोन जादा टाक्या ठेवल्या होत्या. एक टाकी भरली की एक टन.

तेव्हा माझा आग्रह हा: तपासणारा एक आणि काम करणारा दुसरा हवा. गच्ची बघायला ठेकेदार "फुकट" येतो, आणि त्याच्याकडे जे असतं ते तुमच्या गच्चीला लागतंय असंच त्याला दिसतं. कोबावाल्याला कोबा दिसतो, मेंब्रेनवाल्याला मेंब्रेन, लेपवाल्याला लेप. यात लबाडी असतेच असं नाही. पण डॉक्टरांच्या जागी औषधाचा सेल्समन बोलवायचा, हे आपण स्वतःच्या गुडघ्याच्या बाबतीत करत नाही. ज्याच्याजवळ विकायला काही नाही अशा सिव्हिल इंजिनीअरला तपासणीची फी द्या. कागदावर लिहून घ्या: कुठे गळतंय, का, कोणता थर फोडायचा, कोणता ठेवायचा, आणि काम झाल्यावर तुंबवण्याची परीक्षा कोणासमोर घ्यायची. मग तीन ठेकेदारांकडून त्या एकाच कागदावर दर मागवा. दर तुलनेला मिळतात ते तेव्हाच.

उपायांबद्दल लांबण लावत नाही, कारण निदान बरोबर असलं की ते सोपे असतात. वरच्या थरातल्या केसासारख्या भेगांना लवचीक लेप पुरतो, काही वर्षांनी पुन्हा द्यायच्या तयारीनं. जागच्या जागी हलणारी भेग आधी खाचून, पॉलिमर मालानं किंवा सीलंटनं भरावी लागते. नुसता रंग फिरवला तर पहिल्या उन्हाळ्यात तो ताणून फाटतो. भेग हलते का, हे बघायला तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवून वर तारीख लिहितात. पट्टी तुटली तर भेग जिवंत आहे. सुटलेला वाटा फोडून नव्यानं मारावा. कोब्याच्या पोटात पाणी असेल तर तो काढणं हाच उपाय. छतातून पोपडे पडत असतील, तर आधी सळयांचं काम, गच्चीचं त्यानंतर. पत्र्याची शेड उभारायची तर आधी नगरपालिकेची परवानगी आणि इंजिनीअरची सही, आणि शेडचे खांब कोब्यातून आरपार ठोकू देऊ नका. सोलरच्या पॅनेलचं आणि डिश अँटेनाचंही तेच. बसवणारा मुलगा ड्रिल घेऊन येतो, त्याचा दोष नाही; त्याला कोणी थांबवलेलं नसतं. स्टँड सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवता येतो.

पिंपळाचं रोप तेवढं हातावेगळं करा. कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेतून आलेलं बी कठड्याच्या सांध्यात रुजतं. दोन पानांचं असताना ते चिमटीनं निघतं. दोन वर्षांनी कठडा फोडावा लागतो. कापून उपयोग नाही, मूळ आत राहिलं की पुन्हा फुटतं.

पैसे कोणाचे, यावर दर सभेत तासभर जातो, खरं तर दोन मिनिटं पुरावीत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसाच्या पाण्यामुळे किंवा सामाईक पाइपांमुळे होणारी गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम, संस्थेच्या खर्चानं. "गळतंय तुमच्या घरात, करा तुम्ही" हे वरच्या मजल्यावरच्या माणसाला ऐकवणं नियमात बसत नाही. घराच्या आतल्या बाथरूम-सिंकची गळती तेवढी सभासदाची. त्याच उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी पाव टक्का जमवायला सांगितलं आहे, आणि इमारत पंधरा वर्षांची झाली की तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी, त्यानंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे आहेत, कळवल्यापासून तीस दिवसांत. त्यामुळे नव्या इमारतीच्या चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात गच्चीची रीतसर तपासणी करून घ्या आणि लेखी पत्र द्या. सहाव्या वर्षी हेच पत्र पाठवलंत तर बिल्डर ते बहुधा फाईललाही लावणार नाही.

वर्षाला दोन फेऱ्या पुरतात. एक दसरा झाल्यावर, जेव्हा पावसाच्या खुणा ताज्या असतात आणि दुरुस्तीला सहा कोरडे महिने हातात असतात. बहुतेक सोसायट्या मेच्या तिसऱ्या आठवड्यात जाग्या होतात, तेव्हा सगळे चांगले गवंडी गुंतलेले असतात आणि सिमेंटला पाणी मारायला दिवस उरत नाहीत. दुसरी फेरी मृगाच्या आधी, फक्त सफाईची: जाळ्या, पाइप, पानं, पिसं, चेंडू. पावसाळ्यात वॉचमननं दर रविवारी जाळ्या मोकळ्या करायच्या, आणि केल्याची सही वहीत करायची.

त्या वहीच्या पहिल्या पानावर गच्चीचा हातानं काढलेला नकाशा ठेवा. पाइपांना नंबर, टाकीची जागा, कुठला थर कोणत्या साली टाकला ते, आणि खडूच्या गोलांच्या तारखा. आजोबांचं ते लाल फुल्यांचं कॅलेंडर आता त्या ठाण्याच्या सोसायटीच्या दप्तरात आहे. तुमच्या दप्तरात असं काही नसेल तर येत्या सभेत विषय घ्या, आणि सभेहून घरी जाताना वरच्या मजल्याची बेल वाजवून त्यांच्या छताकडे एकदा बघून या.